मीठ योग्य प्रमाणात

पौषातली थंडी मुंबईत पाहुण्यासारखी येते. चार दिवस राहते, कोणाचा तरी जुना खोकला जागा करते आणि निघून जाते. आज सकाळी कोर्टाकडे जाण्यासाठी खोलीबाहेर पाऊल टाकले आणि पॅसेजमध्येच थबकलो. कोणाच्या तरी तव्यावर ओवा भाजला जात होता.

भाजलेल्या ओव्याचा वास विलक्षण असतो. नाकात शिरताना तो तिखट असतो आणि छातीत पोहोचेपर्यंत मायाळू होतो. फडक्यात बांधलेली ओव्याची गरम पुरचुंडी ज्याच्या छातीवर बालपणी कोणी फिरवली आहे, त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. मुंबईसह महाराष्ट्र राज्य मिळाल्यानंतरची ही पहिलीच थंडी. लोक म्हणतात, मिळाले एकदाचे, मीही म्हणतो. परंतु हा वास आला की माझे मन त्या दुसऱ्या थंडीत जाते, ज्या थंडीत आम्ही राज्य मागत होतो आणि आमच्या चाळीचे फाटक बाहेरून बंद होते.

मी व्यवसायाने अर्जनवीस आहे. भोईवाड्याच्या कोर्टाबाहेर माझे टेबल आहे. माझी शाळा इंग्रजी तिसरीत सुटली, पण अक्षर सुटले नाही. माझ्या हातचा अर्ज साहेबाने वाचल्यावाचून बाजूला सारला, असे माझ्या माहितीत फारसे घडलेले नाही. नायगावची आमची चाळ मला मास्तर म्हणते. मी कोणत्याही शाळेत शिकवलेले नाही. तरी या संबोधनाला मी कधी हरकत घेतलेली नाही.

अर्जाचा शेवट कसा करावा, याचे एक शास्त्र आहे. किती, केव्हा आणि कसे, हे अर्जदाराने सांगायचे नसते; ते साहेबाने ठरवायचे असते. म्हणून आम्ही लिहितो, ‘योग्य ती दखल घ्यावी’, ‘योग्य तो हुकूम व्हावा’. ‘योग्य’ हा शब्द म्हणजे कागदावर केलेला नमस्कार. तो इतकी वर्षे माझ्या टाकातून उतरत आला आहे की शाईच्या दौतीत शाईपेक्षा तोच अधिक असावा.

त्या थंडीत, संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी माझी पत्नी सुशीला गिरगावात माहेरी गेली. वाण द्यायचे होते, आईला भेटायचे होते. आमची कुसुम तेव्हा चार वर्षांची. तिचे नाक वाहत होते, म्हणून सुशीलेने तिला माझ्यापाशी ठेवले. दारात उभी राहून म्हणाली, “अहो, दुपारचा भात झाकून ठेवलाय. संध्याकाळच्या आत येते. तेवढं तिला ऊन पाणी द्या.”

संध्याकाळच्या आत शहरच बंद झाले. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ही बातमी गिरणगावात पसरली. रस्त्यावर दगड दिसू लागले, मग गाड्या, मग बंदुका, आणि शेवटी रस्त्यावर काहीच दिसेना. संचारबंदी लागली. गिरगाव आणि नायगाव यांच्यामध्ये ट्रामचा रस्ता होता. एका दिवसात तिथे समुद्र आला. सुशीला त्या तीरावर, मी आणि कुसुम या तीरावर.

कोंडलेपण म्हणजे काय, हे मला त्यापूर्वी कोणी विचारले असते तर मी तुरुंगाचे वर्णन केले असते. आता करणार नाही. दहा बाय बाराची तीच खोली, तीच मोरी, तोच पलंग. ज्या खोलीत आपण खुशीने इतकी वर्षे राहिलो, तीच खोली बाहेर जायचे नाही असे कोणी सांगताच अंगाला घट्ट होते. भिंती पुढे सरकत नाहीत. आपणच दिवसभर त्यांच्याकडे पाहत राहतो. खिडकीतून समोरच्या चाळीच्या खिडक्या दिसत आणि प्रत्येक खिडकीत आमच्यासारखेच एक तोंड. खाली रस्त्यावर कुत्री मधोमध झोपत. मला त्या कुत्र्यांचा हेवा वाटे.

त्यातच थंडी. मजल्यावर प्रत्येक खोलीत कोणी ना कोणी खोकत होते, कण्हत होते. सकाळी तासाभराची सूट मिळे, तेवढ्यात तेल-तांदूळ आणायचे की दवाखान्याच्या दाराशी उभे राहायचे? आणि दवाखान्याचे दार उघडे असेलच, याची शाश्वती कोणी द्यावी? अशा वेळी माणसे आपल्या फळीवरच्या डब्यांकडे वळतात. कोणाकडे सुंठ निघाली, कोणाकडे मेथी, कोणाकडे खडीसाखर. कुळथाचे पीठ एका खोलीतून निघे आणि त्याचे ऊन ऊन पिठले चार खोल्यांतल्या पडशांना जाई. दाढदुखीला लवंग, पित्ताला आमसुलाचे सार, घशाला हळद घातलेले दूध. दूध नसेल तेव्हा नुसते हळदीचे ऊन पाणी, आणि त्यावर कडू तोंड. खिडकीतून अश्रुधूर आत आला की ओली फडकी फिरत. त्या दिवसांत आम्हा सर्वांच्या डोळ्यांना सारखे पाणी होते आणि ते ओठांपर्यंत येई.

या सर्व कारभाराच्या मध्यभागी गंगूबाई होत्या. आमच्या भिंतीपलीकडच्या खोलीत राहणाऱ्या, सावंतवाडीकडच्या, विधवा. गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात काम करीत. अक्षरशत्रू. परंतु कोणाचे मूल रडले तर ते पोटाने रडते आहे की कानाने, हे त्या भिंतीआडून सांगत.

मला वाटले, एवढे ज्ञान तोंडी राहणे बरोबर नाही. कोर्ट बंद होते, हात रिकामे होते. मी फुलस्केप कागद काढला, रूळ घेऊन समास आखला, आणि गंगूबाईंना त्यांच्या दारात बसवून एकेक उपाय विचारून घेतला. त्या तांदूळ निवडीत सांगत, मी शुद्ध करून लिहीत असे. त्या म्हणाल्या, “आल्याचो बोटभर तुकडो,” मी लिहिले, ‘आले, योग्य प्रमाणात’. त्या म्हणाल्या, “गूळ, तुमच्या चेडवाच्या मुठीएवढो,” मी लिहिले, ‘गूळ, आवश्यकतेनुसार’. पोट बिघडले तर काय, असे विचारले, तेव्हा म्हणाल्या, “उकड्या तांदळाची पेज. पातळ. घोट घोट.”

“आणि मीठ?”

“घालूक व्हयाच.”

“किती?”

त्यांनी निवडायचे थांबवले. “डोळ्यातल्या पाण्याएवढी खारट. त्याच्या वर नाय.”

हे वाक्य मी कागदावर घेतले नाही. सार्वजनिक सूचनेत डोळ्यांतले पाणी शोभत नाही, असे माझे मत पडले. मी लिहिले, ‘मीठ योग्य प्रमाणात घालावे.’

“काय लिवलास?” त्यांनी विचारले. मी वाचून दाखवले.

“म्हणजे किती ता?”

“ज्याचे त्याला समजते, गंगूबाई.”

“ज्याका समाजता तो कागद कित्याक वाचतलो?” असे म्हणून त्या सूप घेऊन आत गेल्या. मी ते मनावर घेतले नाही. निदान तसे दाखवले.

कागद नळाजवळच्या भिंतीवर खळीने चिकटवला. मथळा ठळक काढला होता: ‘संचारबंदीच्या काळात घ्यावयाची आरोग्यविषयक खबरदारी’. लोक वाचत, मान डोलावत. समोरच्या खोलीतले साटम गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते आणि चळवळीत पुढे. त्यांना कोणत्याही प्रसंगी थट्टा सुचे. ते हात मागे बांधून कागदापुढे उभे राहिले. “मास्तर, खोकल्याला कलम कितवं लावलंत? जामीन मिळेल ना?” सगळा मजला हसला. मीही हसलो, कारण कागद उत्तम झाला होता.

दुसऱ्या दिवशी कुसुमला जुलाब सुरू झाले.

सकाळी दोनदा, मग तीनदा, मग मी मोजायचे सोडले. सर्दी मागे पडली आणि पोट पुढे आले. मी आयुष्यात स्टो पेटवला नव्हता. त्याच्या पिना कुठे असतात, हे शोधण्यात माझी काही मिनिटे गेली. भिंतीपलीकडे गंगूबाईंच्या बांगड्या वाजत होत्या. हाक मारली असती तर ती बांगड्यांच्या आवाजाइतक्याच अंतरावर पोहोचली असती. मी हाक मारली नाही. ज्या बाईला काल ‘ज्याचे त्याला समजते’ असे सांगितले, तिला आज काय विचारणार? मी नळापाशी गेलो आणि स्वतःच्या कागदापुढे उभा राहिलो.

‘मीठ योग्य प्रमाणात घालावे.’

अर्ज लिहिणारा माणूस अर्ज वाचणाऱ्याच्या जागी कधी उभा राहत नाही. त्या सकाळी मी राहिलो. किती रेखीव अक्षर, किती सरळ ओळ. आणि त्या ओळीत मला हवे असलेले काहीच नव्हते. खोलीत परत येऊन मी माझ्या बुद्धीने ठरवले: आजार मोठा, तर मीठही मोठे. मीठ म्हणजे औषध, आणि औषधात काटकसर कशाला? भरलेला मोठा चमचा पातेल्यात गेला. वर आणखी एक.

कुसुम गुणी मुलगी. वडिलांनी दिले म्हणून तोंड वाकडे करीत प्यायली. थोड्या वेळाने ओकली. मी पुन्हा पाजली. ती पाणी मागू लागली. “बाबा, पाणी.” मी म्हणालो, “पेज पी बाळ, पेजेत पाणी असतं.” हे वाक्य मी माझ्या तोंडाने उच्चारले आहे. ते परत घेण्याची सोय कोणत्याही अर्जात नाही.

त्या दिवशी सकाळची सूट नव्हती. दुपारी तिचे डोळे आत गेले, ओठ पांढरे पडले आणि तिने मागणेही सोडले. तेव्हा मला इस्पितळ आठवले, आणि इस्पितळ आठवताच माझ्या हातांनी त्यांना येत होते तेच केले. मी टाक उचलला. ‘मेहेरबान पोलीस अधिकारी साहेब यांचे सेवेशी’ असा आरंभ करून मुलीला इस्पितळात नेण्याची परवानगी मागणारा अर्ज लिहिला. एक ओळ खोडली गेली, म्हणून पूर्ण कागद नव्याने उतरवला. होय, नव्याने उतरवला. मूल पलंगावर पडले होते आणि मी खाडाखोड नको म्हणून दुसरा कागद घेतला. शेवटी लिहिले, ‘तरी मेहेरबानांनी योग्य ती दया करावी.’

तो कागद घेऊन मी जिना उतरलो. फाटकाच्या गजांबाहेर एक जवान उभा होता, परमुलखातला. मी कागद पुढे केला. त्याने तो उलटा धरला, सुलटा धरला. त्याच्याही डोळ्यांत झोप नव्हती. मराठी त्याला वाचता येत नव्हते. “अंदर जाओ,” तो म्हणाला. मी हिंदीत समजावू लागलो तर काठी गजांवर वाजली. “अंदर!” आणि त्याने कागद गजांतून परत आत सरकवला, घडी न घालता.

जन्मभर ज्या एका गोष्टीवर मी उभा होतो, ती गोष्ट हातात घेऊन मी वर आलो. जिन्याच्या पायऱ्या नेहमीच्याच होत्या. परंतु त्या चढताना मला कळले की मला कोंडणारे फाटक खाली नाही. ते वर आहे, माझ्या आणि गंगूबाईंच्या खोलीच्या मध्ये, आणि त्याला आतून कडी मी लावली आहे.

मी त्यांच्या दारात उभा राहिलो. “गंगूबाई,” एवढेच म्हणालो.

त्या हात पुसत आल्या. कुसुम त्या वेळी रडत होती. आवाज मांजराच्या पिल्लासारखा. गंगूबाईंनी तिच्या गालावरून बोट फिरवले आणि बोटाकडे पाहिले. “मास्तरानू, चेडू रडता हा. डोळ्यात पाणी खय?”

नव्हते. गाल कोरडे होते. मी इतका वेळ तिच्याकडे पाहत होतो आणि हे मला दिसले नव्हते.

त्यांनी पातेल्यात बोट बुडवून जिभेला लावले. मग माझ्याकडे जसे पाहिले, तसे पुन्हा कोणी माझ्याकडे पाहू नये. “ही पेज नाय. हो दर्यो आसा, दर्यो! कोणी सांगल्यान इतक्या मीठ?”

उत्तर नळाजवळच्या भिंतीवर चिकटवलेले होते.

पातेले मोरीत उलटे झाले. “स्टो पेटवा,” त्या म्हणाल्या, आणि मी पेटवला. उकडे तांदूळ आले, पाणी आले, मऊ शिजून पातळ पेज झाली. त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत मीठ घेतले, घातले, चाखले, आणि पळी माझ्यापुढे धरली. “चाखा. जीभ विसारता कामा नये.” मी चाखली. मग त्यांनी कुसुमला मांडीवर घेऊन पाजायला सुरुवात केली: एक चमचा, थांबायचे, एक चमचा, थांबायचे. मध्ये नुसते उकळून निववलेले पाणी. ओकली तर रागवायचे नाही, थोडे थांबून पुन्हा एक चमचा. साटम दारात आले, एक शब्द थट्टेचा बोलले नाहीत, आणि पॅसेजमध्ये भिंतीला टेकून बसून राहिले. मी चमचे मोजत होतो. मोजण्यासारखे तेवढेच एक काम माझ्याकडे शिल्लक होते.

खोलीतले ऊन पलंगावरून भिंतीवर गेले आणि भिंतीवरून खिडकीबाहेर. दिवेलागणीच्या सुमारास कुसुमने डोळे उघडून सभोवार पाहिले आणि म्हणाली, “आई कुठाय?” मग ती खरोखरीची रडली. ओठ काढून, मोठ्याने, जसे मूल रडते. आणि डाव्या डोळ्यातून एक थेंब गालावर आला.

गंगूबाईंनी तो पुसला नाही. “बघलास?” त्या मला म्हणाल्या. “इला पाणी.” आणि पदर स्वतःच्याच डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी तासाभराची सूट मिळाली, तेव्हा साटमांनी कुसुमला खांद्यावर घेतले आणि आम्ही जवळजवळ पळतच इस्पितळ गाठले. डॉक्टरांनी तपासले, औषध दिले. काय पाजले असे विचारले, तेव्हा मी दोन्ही पेजा सांगितल्या. काही लपवले नाही. ते म्हणाले, “पहिल्या पेजेने तुम्ही मुलगी घालवली असती. दुसरीने तुम्हाला एक दिवस मिळवून दिला. पण तो दिवस इथे येण्यासाठी असतो, घरी बसण्यासाठी नव्हे.” हे मी वाचकांनाही सांगून ठेवतो. डब्यातली सुंठ, तव्यावरचा ओवा, पातेल्यातली पेज, ही आपली माणसे आहेत. आजारपणात सोबत बसतात, बळ देतात. सोबत बसणाऱ्याने वैद्याची वाट अडवायची नसते.

सुशीला पाचव्या दिवशी आली, चालत. कुसुमला पोटाशी धरून ती किती वेळ बसली हे मी सांगू शकत नाही, कारण मी त्या वेळी नळापाशी होतो. टाक घेऊन गेलो होतो. ‘योग्य प्रमाणात’ या शब्दांवर मी सरळ रेघ ओढली आणि वर लहान अक्षरात लिहिले, ‘डोळ्यांतील पाण्याइतके’. माझ्या हातच्या कागदावर राहिलेली ती एकच खाडाखोड.

गंगूबाईंनी पुढे गिरणी सोडली. आता त्या गावी असतात. मी अजून भोईवाड्याला बसतो आणि अजून ‘योग्य तो हुकूम व्हावा’ असेच लिहितो, कारण साहेबांना तेच वाचायची सवय आहे. मात्र तो शब्द लिहिताना टाक क्षणभर थांबतो. समोरचा पक्षकार विचारतो, “काय झालं मास्तर?” मी म्हणतो, शाई.

आज संध्याकाळी कोर्टातून परतलो तर सुशीला पांघरूण घेऊन पडली होती. थंडीने तिलाही गाठले. कुसुम आता नऊ वर्षांची. स्टोपुढे बसून आईसाठी पेज करीत होती. तिला ते दिवस आठवत नाहीत. नळाजवळचा पिवळा कागद मात्र तिने वाचलेला आहे, सगळ्या मजल्यावरच्या मुलांनी वाचलेला आहे.

“बाबा,” तिने वर न पाहता विचारले, “डोळ्यांतील पाण्याइतके म्हणजे कुणाच्या डोळ्यांतल्या?”

“कोणाच्याही,” मी म्हणालो. “सगळ्यांचे सारखेच असते.”

तिने चिमटीने मीठ घातले, ढवळले, आणि पळी माझ्यापुढे धरली. “बघा बरोबर झालंय का.”

मी चाखली. बरोबर होते. हे मी खात्रीपूर्वक सांगतो, कारण त्या क्षणी पळीतली आणि डोळ्यांतून ओठांवर आलेली, दोन्ही चवी माझ्या तोंडात होत्या.